मेणाचा मधला तुकडा

बालाजी गेला त्या सोमवारी सकाळी साडेनऊला मी ऑफिसात शिरलो, तेव्हा त्याची खुर्ची रिकामी होती. तळवड्याच्या आमच्या ऑफिसात रोज पहिला दिवा लावणारा माणूस तो. तेरा वर्षांत त्याने आगाऊ न सांगता घेतलेली रजा मला आठवत नाही. मी खुर्ची पाहिली, तिच्या पाठीवर अडकवलेला राखाडी स्वेटर पाहिला आणि माझ्या जागेवर जाऊन मेल उघडला. फोन करावा असं वाटलं नाही असं नाही. वाटलं. पण चार वर्षांत कामाखेरीज मी त्याला फोन केलेला नव्हता, आणि आज अचानक विचारलं तर तो ‘येतो, सर’ म्हणेल, आणि ते ‘सर’ मला सकाळी सकाळी ऐकायचं नव्हतं. अकराच्या सुमाराला रूपीनगरहून त्याच्या घरमालकांचा फोन ऑफिसच्या नंबरवर आला आणि तो माझ्याकडे दिला गेला. दाराच्या कडीला दुधाची पिशवी तशीच लटकलेली पाहून त्यांनी दार वाजवलं होतं, मग मागच्या खिडकीतून आत पाहिलं होतं... “तुम्ही या लगेच,” एवढंच ते म्हणाले. हृदयविकाराचा झटका पहाटेच आला असणार, साडेनऊला फोन केला असता तरी काही उपयोग नव्हता, असं डॉक्टरांनी सांगितलं. गेले पाच आठवडे सगळे मला तेच समजावत आहेत. खरं असेल. पण तो दीड तास मी मेल वाचत बसलो होतो, हेही खरं आहे.

आमची ओळख झाली तेव्हा आम्ही दोघंही तेहेतिशीचे होतो. मी आकुर्डीत वाढलेला, वडील कारखान्यात, म्हणजे पक्का इथला. बालाजी लातूरकडचा. त्याच्या बोलण्यातलं ‘करायलास’ आणि ‘जायलास’ ऐकून ऑफिसातली मंडळी पहिले काही दिवस गालातल्या गालात हसली. मग त्याचं काम पाहिलं आणि हसणं थांबलं. आमची कंपनी लहान. चाकणपासून भोसरीपर्यंतचे कारखानदार आपल्या अडचणी घेऊन येतात, आणि एखादी वस्तू प्रत्यक्षात करून बघण्याआधी तिच्यात हवा कशी वाहील, उष्णता कुठे साठेल, हे आम्ही कॉम्प्युटरवर गणित मांडून सांगतो. त्यात बालाजीकडे वितळण्याची कामं आपोआप येत गेली. भट्टीत टाकलेली अॅल्युमिनियमची वीट कशी वितळेल, साच्यातला धातू आधी कुठे थिजेल, असली. इतरांना ती नको असायची. वितळणं हा फार नाठाळ विषय आहे. पाणी पाण्यासारखं वागतं आणि लोखंड लोखंडासारखं. वितळताना मात्र एकच वस्तू दोन्हीकडे पाय ठेवून उभी असते.

ज्यांना याची काहीच कल्पना नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं सांगतो. आम्ही वस्तूचे लाखभर बारीक चौकोन पाडतो आणि प्रत्येक चौकोनाला एक आकडा देतो. शून्य म्हणजे अजून घट्ट, एक म्हणजे पूर्ण पातळ. ज्यांचा आकडा मधेच कुठेतरी असतो, ते धड इकडचे नाहीत, धड तिकडचे नाहीत. तिथे लगदा आहे असं समजायचं. त्या लगद्यातून पातळ द्रव किती सहज वाहील यासाठी सॉफ्टवेअर आपल्याकडे एक संख्या मागतं, आणि गंमत अशी की ती संख्या अमुकच असं कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. आम्ही बाकीचे सॉफ्टवेअरने आधीच भरून ठेवलेली संख्या तशीच ठेवून पुढे जायचो. बालाजी पाच वेगवेगळ्या संख्या घालून पाच वेळा तेच गणित सोडवायचा आणि पाचही वेळचं चलच्चित्र पहिल्या क्षणापासून शेवटपर्यंत बघायचा. निळं म्हणजे घट्ट, लाल म्हणजे पातळ. आम्ही शेवटचं चित्र आणि एक आलेख पाहून मोकळे होत असू. हा मात्र हनुवटीखाली मूठ धरून निळा रंग हळूहळू आक्रसताना बघत बसे. मी एकदा चिडवलं, “बाला, सिनेमाचं तिकीट काढलंयस का?” तर म्हणाला, “राव, शेवट तर सगळ्यांचा सारखाच असतोय. सगळं वितळणारच हाय. मधी काय व्हायलंय ते बघावं लागतंय.”

त्याचं लग्न झालं नाही. का झालं नाही हे मला ठाऊक नाही, आणि ज्या काळात विचारायचा हक्क होता तेव्हा मी थट्टेवारी नेलं. रूपीनगरात एक खोली आणि स्वयंपाकघर एवढ्यात तो राहायचा. दर रविवारी दुपारी मात्र तो आमच्याकडे चिखलीला जेवायला असायचा. माझी बायको मेधा त्याच्यासाठी मुद्दाम ज्वारीची भाकरी करायची, कारण इथल्या खानावळीतल्या पोळीला तो ‘कागद’ म्हणायचा. जेवण झालं की दोघं मिळून मला नावं ठेवायचे. मी किती घाई करतो, किती विसरतो, स्कूटरची किल्ली कशी रोज शोधतो. तीन-साडेतीनला तो उठायचा, सायकल काढायचा आणि देहूला जाऊन इंद्रायणीच्या घाटावर बसायचा. देवळात जायचा की नाही कोण जाणे. पाण्याकडे बघत बसतो म्हणायचा. मेधा म्हणायची, “भाऊजी, आठवडाभर तेच बघता ना ऑफिसात?” त्यावर तो नुसता हसायचा. आठ-नऊ वर्षं हे असं चाललं. आपल्याकडे कुणी दर रविवारी येतंय याचं आपण कधी मोल करत नाही.

मग ते मेणाचं काम आलं. चाकणच्या एका कारखान्याला बॅटरीवर चालणाऱ्या तीनचाकीसाठी नवी बॅटरीपेटी करायची होती. चढावर ओझं घेऊन गाडी चालली की आतले सेल तापतात. सेलच्या रांगांमध्ये खाचा ठेवून त्यांत मेण भरायचं, म्हणजे मेण वितळताना उष्णता पिऊन घेईल आणि सेल थंड राहतील, अशी कल्पना. ते मेण उन्हाळ्यात किती वेळ तग धरेल, हे आम्ही सांगायचं होतं. मुदत चार आठवड्यांची, म्हणजे अशा कामाला लागते त्याच्या जेमतेम निम्मी. बालाजीने रविवारी येणंसुद्धा बंद केलं. आमच्याकडे प्रत्येक अहवालाच्या पहिल्या पानावर दोन नावं असतात, एक करणाऱ्याचं आणि एक तपासणाऱ्याचं. तपासणाऱ्याने मूळ गणित उघडायचं, आकडे ताडून बघायचे, चित्रं चालवून बघायची आणि मग सही करायची. मी नुकताच गटप्रमुख झालो होतो. त्या अहवालावर तपासणारा मी होतो.

आता जे सांगतो आहे ते मी गेल्या आठवड्यापर्यंत मेधालाही सांगितलं नव्हतं. अहवाल माझ्याकडे पाठवताना बालाजीने ऑफिसच्या चॅटवर एक ओळ लिहिली होती. ‘आठव्या मिनिटानंतर खाचेतला मधला तुकडा बघ. कशाला धरून उभा हाय कळंना. मला पटंना.’ मी त्यावर अंगठा दाखवणारं चित्र पाठवलं. माझ्यामागे त्या दिवशी तीन मीटिंगा होत्या, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे. मी अहवालातलं शुद्धलेखन पाहिलं, पानांचे आकडे पाहिले, ग्राहकाचं नाव बरोबर छापलंय ना ते पाहिलं. गणित उघडलंच नाही. बालाजीने केलंय, त्यात मी काय बघायचं? हा विश्वास होता की आळस, याचा निकाल माझ्याच्याने अजून लागलेला नाही. सही केली आणि अहवाल चाकणला गेला. माझा अंगठा पाहून त्याने समजून घेतलं असणार की मी पाहिलंय, आणि सगळं ठीक आहे.

दीड महिन्याने चाकणला प्रत्यक्ष चाचणी झाली. पेटीची एक बाजू पारदर्शक केली होती, म्हणून सगळ्यांना आत दिसत होतं. मी आणि बालाजी शेजारी उभे होतो. खाचेतलं मेण आधी भिंतीलगत सुटलं, कडेकडेने पातळ झालं, अगदी आमच्या चित्रात होतं तसंच. मग मधला घट्ट तुकडा चारही बाजूंनी मोकळा झाला... आणि सावकाश खाली जाऊन तळाशी बसला. बस्स, एवढंच. वरच्या अर्ध्या भागातल्या सेलना मग फक्त तापलेलं पातळ मेण उरलं आणि त्यांचं तापमान आम्ही सांगितलेल्या आकड्याच्या पुढे चढत गेलं. त्यांच्या माणसांनी चाचणी थांबवली. आग नाही, धूर नाही, कुणाला काही झालं नाही. आमच्या गणितात तो तुकडा शेवटपर्यंत मधल्यामध्ये तरंगत राहिला होता. सॉफ्टवेअरची ती पद्धतच तशी आहे. घट्ट चौकोनांना ते ‘हलायचं नाही’ एवढंच सांगतं. चारी बाजूंचा आधार सुटल्यावर तुला वजन आहे, तू पडायचंस, हे त्याला वेगळं शिकवावं लागतं, आणि आम्ही ते शिकवलेलं नव्हतं. थंडीत गोठलेली खोबरेल तेलाची बाटली उन्हात ठेवली की कडेचं तेल आधी सुटतं आणि मधला गोळा तळाशी जाऊन बसतो, हे आम्ही दोघांनी लहानपणापासून दर हिवाळ्यात पाहिलेलं. पण पडद्यावर निळा तुकडा अधांतरी दिसला तेव्हा दोघांपैकी एकालाच ते खटकलं, आणि त्याने ते मला लिहून कळवलं होतं.

चाचणीनंतर लगेच बैठक झाली. त्यांचे मुख्य अभियंता, दोन व्यवस्थापक, आमचे मालक, मी आणि बालाजी. मुख्य अभियंता शांत माणूस होता, आवाजसुद्धा चढवला नाही. अहवालाचं पहिलं पान माझ्यासमोर धरून म्हणाला, “यावर तपासणारे म्हणून तुमची सही आहे. हा तुकडा हवेत राहिलेला तुम्हाला दिसला नाही का?” मला वाटतं, माझ्या आयुष्यातला तो एकच प्रश्न असा असेल की ज्याचं खरं उत्तर चार शब्दांचं होतं. मी उघडून पाहिलं नाही. त्याऐवजी मी काय बोललो ते मला शब्दन्‌शब्द आठवतं. मी म्हणालो, “गणिताची जबाबदारी बालाजींची असते. माझ्याकडे अहवाल फक्त मांडणी बघायला येतो.” त्याला अहो-जाहो करून मी बोललो तेही पहिल्यांदाच. आमच्या मालकांनी मान खाली घातली, कारण हे खोटं आहे हे त्यांनाही ठाऊक होतं. बालाजीने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. चित्र बघताना तो जसा बघायचा, मधे काय चाललंय ते नीट समजून घ्यायला, तसं. त्याच्या खिशातल्या फोनमध्ये ती ओळ होती, आणि तिच्याखाली माझा अंगठा होता. ती त्याने दाखवली असती तर मी तिथल्या तिथे उघडा पडलो असतो. तो मुख्य अभियंत्याकडे वळून म्हणाला, “बरोबर हाय. चूक माझी हाय.”

येताना गाडी मी चालवत होतो. मालक त्यांच्या गाडीने पुढे गेले होते. चाकणच्या चौकात नेहमीसारखी कोंडी होती, कंटेनर आणि ट्रेलर अंगाला अंग लावून उभे. एकेका चाकाएवढं पुढे सरकत आम्ही दीड-दोन तास त्या गाडीत शेजारी शेजारी बसलो होतो. माफी मागायला याहून जास्त वेळ कुणाला मिळतो? मी मनात वाक्यं जुळवत होतो. ‘बाला, तोंडातून निघून गेलं.’ ‘बाला, नव्या पदाची भीती वाटली.’ प्रत्येक वाक्याच्या आधी म्हणायचो, हा ट्रेलर पुढे जाऊ दे. मग म्हणायचो, देहू फाटा येऊ दे. शेवटी तोच बोलला. “सर, मला तळवडे चौकात उतरवा.” मला आधी कळलंच नाही, तो कुणाशी बोलतोय. नऊ वर्षं ज्याने मला ‘राव’ आणि ‘अरे’ याखेरीज काही म्हटलं नव्हतं, तो दार हळू लावून, “येतो, सर,” म्हणून निघून गेला.

त्यानंतरच्या चार वर्षांत त्याने माझ्याशी एकदाही वाकडं वर्तन केलं नाही. केलं असतं तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं. तो काम वेळेवर द्यायचा, विचारलं की सांगायचा, वाढदिवसाला ‘शुभेच्छा, सर’ म्हणायचा. चहाला बोलावलं तर, “तुम्ही घ्या, सर, माझा झालाय.” त्याचे अहवाल तपासायला तो दुसऱ्यांकडे पाठवू लागला. त्यातही तक्रार नव्हती. “तुमच्यामागे कामं लै असतात,” म्हणायचा. आणि खरंच असायची. अशा वेळी माणूस किती खुशाल कामात बुडून जातो! रविवारी मेधा विचारायची, “भाऊजी हल्ली येत नाहीत?” मी म्हणायचो, कामात आहे. दिवाळीला तिने माझ्याबरोबर त्याच्यासाठी फराळाचा डबा दिला. चार दिवसांनी डबा घासूनपुसून परत आला, आणि रिकामा डबा परत देऊ नये म्हणून आत गावाकडचा गूळ आणि शेंगा भरलेल्या होत्या. वर चिठ्ठी होती, ‘मेधावहिनींना.’ मेधा खूश झाली. मी त्या शेंगांना हात लावला नाही. दर दिवाळीला असं झालं. आमच्या दोघांमधला तेवढाच एक व्यवहार चालू होता आणि त्यात मी फक्त हमाल होतो.

एकदा मात्र मी निघालो होतो. दोन वर्षांपूर्वीचा एक रविवार. मेधाला काहीतरी थाप मारली आणि स्कूटर घेऊन देहूला गेलो. तो घाटावर होताच. तिसऱ्या की चौथ्या पायरीवर, सायकल मागे उभी करून, हनुवटीखाली मूठ धरून पाण्याकडे बघत बसलेला. आजूबाजूला कुटुंबं होती, मुलं पाण्यात खडे टाकत होती, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना हातहातभर जागा मोकळी होती. मी वीसेक पावलांवर उभा राहिलो. जाऊन शेजारी बसायचं होतं, बस्स. बोललो नसतो तरी चाललं असतं. पण मी तिथे उभा राहून विचार काय करत होतो, तर त्याने ‘बसा, सर’ म्हटलं तर मी काय करू... दहा मिनिटं उभा राहिलो आणि परत फिरलो. त्याने मला पाहिलं होतं का, हे मला कधीच कळणार नाही. सोमवारी ऑफिसात तो नेहमीसारखा, “गुड मॉर्निंग, सर,” म्हणाला.

बालाजी गेला त्या सोमवारी दुपारी लातूरहून त्याचे थोरले भाऊ निघाले आणि रात्री पोचले. त्याला गावाकडेच न्यायचं ठरलं होतं. रूपीनगरच्या त्या बोळात गाडी आत येईना, म्हणून आम्ही चौघांनी त्याला मुख्य रस्त्यापर्यंत उचलून नेलं. मेधा घरमालकिणीच्या शेजारी उभी राहून रडत होती. गाडीत बसायच्या आधी त्याच्या भावांनी माझा हात धरला. “तुमीच नितीनभाऊ न्हवं? तुमचं नाव लै असायचं त्याच्या बोलण्यात.” मी मान हलवली. कधीच्या बोलण्यात, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. पाच वर्षांपूर्वीच्या की गेल्या महिन्यातल्या? विचारलं असतं तर त्यांनी सांगितलंही असतं. मी म्हणालो, “जपून जा, रस्त्यात घाट आहे.” गाडी गेली. मेधाने मला विचारलं, “तू का गेला नाहीस बरोबर?” मी तिला पुन्हा कामाचं कारण सांगितलं.

गेल्या आठवड्यात त्याचा कॉम्प्युटर रिकामा करायचा होता. कामाच्या फायली वेगळ्या काढून मशीन दुसऱ्याला द्यायचं, हा नियम आहे, आणि गटप्रमुख म्हणून ते माझ्याकडे आलं. मी पहिल्यांदा त्याच्या खुर्चीत बसलो. ती माझ्या खुर्चीपेक्षा बरीच खाली होती. सगळं नीटनेटकं होतं, प्रत्येक कामाची वेगळी फाइल, प्रत्येकीत तारखेप्रमाणे नोंदी. शेवटी एक फाइल होती, जिच्यावर ग्राहकाचं नाव नव्हतं. उघडली तर तीच बॅटरीपेटी. तीच खाच, तेच मेण. ते काम आमच्या हातून जाऊन चार वर्षं झाली होती, ग्राहकही गेला होता, आणि नोंदींच्या वेळांवरून दिसत होतं, हा रोज जेवणाच्या सुट्टीत थोडं थोडं करून त्या घट्ट तुकड्याला पडायला शिकवत होता. त्यासाठी त्याने स्वतः एक छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. तुकडा कधी मोकळा झाला ते ओळखायचं, त्याचं वजन काढायचं, भोवतीचं पातळ मेण त्याला किती अडवेल ते बघायचं आणि मग त्याला तेवढ्याच सावकाशीने खाली आणायचं. त्याचे सत्तर-ऐंशी प्रयत्न तिथे ओळीने ठेवलेले होते. एकात तुकडा धोंड्यासारखा आपटत होता, एकात तिरपा होऊन अडकत होता, एकात तर चक्क वर जात होता. शेवटच्या प्रयत्नाचा अहवाल आमच्या नेहमीच्या नमुन्यात पूर्ण लिहिलेला होता, चाळीस पानांचा. कुणासाठी, ते लिहिलेलं नव्हतं. पहिल्या पानावर करणाऱ्याच्या जागी त्याचं नाव होतं. तपासणाऱ्याच्या जागी काही नव्हतं.

मी माझ्या सगळ्या मीटिंगा रद्द केल्या आणि तो अहवाल छापून तपासायला घेतला. तीन दिवस लागले. प्रत्येक आकडा मूळ तक्त्याशी ताडून पाहिला, प्रोग्रॅमची प्रत्येक ओळ वाचली, त्याने गृहीत धरलेली प्रत्येक गोष्ट कागदावर पुन्हा मांडून पाहिली. पेन्सिलीने बारीक खुणा करत गेलो. तिसऱ्या दिवशी दुपारी चलच्चित्र लावलं आणि पहिल्या क्षणापासून बघत बसलो. निळा रंग कडेने सुटला, आत आत सरकत गेला. आठव्या मिनिटाला मधला तुकडा मोकळा झाला, थोडा डळमळला आणि अगदी चाकणला पाहिलं होतं तसा, सावकाश, खाली निघाला. मला हुंदका आवरेना. ऑफिसात सगळे होते, पण मी तोंड फिरवलं नाही, पडद्याकडेच बघत राहिलो. तुकडा तळाशी पोचला. आणि तिथे थांबण्याऐवजी दोन चौकोन आणखी खाली, पेटीच्या तळातच, रुतला. मी पुन्हा चालवून पाहिलं. पुन्हा रुतला. शोधायला तासभर लागला. तळाशी टेकल्यावर थांबायचं, याची अट त्याने एका ओळीने उशिरा घातली होती. बारकीशी चूक. निकालावर फारसा परिणाम नाही, पण चूक. “बाला, हे बघ रे,” मी म्हणालो. मोठ्याने म्हणालो असणार, कारण पलीकडच्या टेबलांवरच्या दोघातिघांनी वर पाहिलं आणि मग पटकन आपल्या पडद्यांकडे नजर वळवली.

ती ओळ मला दोन मिनिटांत बदलता येईल. पण तपासणाऱ्याने दुरुस्ती करायची नसते. चूक सापडली की पानावर लाल शेरा लिहायचा आणि अहवाल करणाऱ्याकडे परत पाठवायचा. त्याने दुरुस्त करून आणला की मग सही. मी शेरा लिहिला आहे, सदतिसाव्या पानावर. मेधाला त्या रात्री सगळं सांगितलं, अंगठ्यासकट. ती म्हणाली, “आणि इतकी वर्षं मी डबे भरत होते.” त्याच्या टेबलावर अजून कुणी बसत नाही. अहवाल मी तिथे ठेवला आहे, शेरा लिहिलेलं पान उघडं ठेवून. तपासणाऱ्याच्या जागी सही केलेली नाही.